परसातले उंट: एका इंग्लिश खेड्याच्या आठवणी रेकॉर्ड करताना

ऑक्टोबर २०२३ मध्ये हातात घेतलेलं काम मार्च २०२५ मध्ये एकदाचं संपलं. आमच्या गावातल्या १४ म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी, एकूण १९ तासांचं रेकॉर्डिंग, काउंटीच्या अभिलेखागारात रीतसर जमा झालं. गाव हेरेफर्डशरमधलं, वेल्सच्या सीमेकडचं. एक चर्च, एक पब, एक हॉल आणि बंद पडलेली शाळा. काम करणारे आम्ही तिघं: एक निवृत्त शिक्षिका, एका शेतकरी घरातली सून आणि तिसरा मी, मराठी, बाहेरून येऊन राहिलेला. इंग्लंडच्या खेड्यांत राहणारी मराठी माणसं हल्ली मधूनमधून भेटतात. त्यांच्यापैकी कोणाला असं काही करावंसं वाटलं, तर पहिले सहा महिने आमच्यासारखे चाचपडण्यात जाऊ नयेत म्हणून सगळं क्रमाने लिहून काढतो आहे.

घाई कशाची, असं पहिल्याच आठवड्यात एकाने विचारलं. उत्तर कागदपत्रांत आहे. इंग्लंडच्या १९३१ च्या जनगणनेचे कागद डिसेंबर १९४२ मध्ये आगीत जळाले. १९४१ ची जनगणना युद्धामुळे झालीच नाही. १९५१ ची शंभर वर्षांच्या नियमामुळे २०५२ पर्यंत उघडायची नाही. मधे आहे ती फक्त २९ सप्टेंबर १९३९ ची नोंदवही, ओळखपत्रांसाठी घाईघाईने केलेली: नाव, जन्मतारीख, धंदा, बस्स. १९२१ नंतरच्या त्या तीस वर्षांत कोणत्या घरात विहिरीचं पाणी होतं, कोणत्या घरात डुक्कर पाळलेलं होतं, कोण कोणाच्या शेतावर होतं, हे सांगणारी माणसं आज नव्वदीला टेकली आहेत. आमच्या पहिल्या यादीत १९ नावं होती. रेकॉर्डर हातात येईपर्यंत १६ उरली.

पहिली पायरी पॅरिश कौन्सिलची. आपल्या ग्रामपंचायतीसारखीच, १८९४ च्या कायद्याने आलेली. पैसा फार नसतो, पण १९७२ च्या स्थानिक शासन कायद्यातलं कलम १३७ वापरून गावाच्या भल्यासाठी थोडाफार खर्च करता येतो. नोव्हेंबरच्या सभेला आम्ही तयारीनिशी गेलो, गावकऱ्यांसाठी ठेवलेल्या वेळात तीन मिनिटं बोललो, सगळ्यांनी माना डोलावल्या आणि पैसे काही मिळाले नाहीत. विषय अजेंड्यावर नव्हता. सभेआधी तीन पूर्ण दिवस अजेंडा लावावा लागतो आणि त्यात नसलेल्या विषयावर ठराव करता येत नाही. डिसेंबरात आमच्याकडे सभा नसते. म्हणून ठराव झाला थेट १६ जानेवारी २०२४ ला: ४०० पौंड. तुम्ही सभेच्या दहा दिवस आधी कौन्सिलच्या क्लार्कला, म्हणजे सचिवाला, एक पानी पत्र पाठवा. त्यात रक्कम, कशासाठी, आणि काम संपल्यावर सामान कोणाच्या मालकीचं राहील हे लिहा. सामान पॅरिशचं राहील या एका वाक्याने आमच्याकडची निम्मी चर्चा आटोपली.

त्याच सभेत एका सभासदाने विचारलं, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईच्या घरात तुम्ही दोन तास बसणार, तर तुमची तपासणी झाली आहे का? कायद्याने सक्ती नव्हती, पण प्रश्न रास्त होता. बेसिक डीबीएस दाखला, म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदींची सरकारी तपासणी, तेव्हा माणशी १८ पौंडांना मिळत असे. स्वयंसेवकांना वरच्या दर्जाच्या तपासण्या फुकट असतात, बेसिक नाही, हे अर्ज भरताना कळलं. पाच वर्षांचे सगळे पत्ते तारखांसकट लागतात. मधे एका महिन्याची फट राहिली तरी अर्ज परत येतो. माझा आला.

आता कागदांची गोष्ट. हीच सगळ्यात कंटाळवाणी आणि हीच चुकली की सगळं पाण्यात. माणूस बोलतो तेव्हा रेकॉर्ड झालेल्या शब्दांवरचा हक्क त्याचा असतो, रेकॉर्डिंगवरचा हक्क ते करवून घेणाऱ्याचा. १९८८ च्या कॉपीराइट कायद्यानुसार शब्दांवरचा हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशीच द्यावा लागतो. तोंडी 'वापरा की' चालत नाही. शिवाय जिवंत माणसाची माहिती म्हणून २०१८ चा डेटा संरक्षण कायदा आहेच. ओरल हिस्टरी सोसायटी ही १९७३ पासूनची संस्था दोन वेगळे कागद सुचवते आणि आम्ही तेच केलं. पहिला बोलण्याआधीचा: आम्ही कोण, कशासाठी, तुम्ही कधीही थांबू शकता. दुसरा बोलून झाल्यावरचा: हे रेकॉर्डिंग कुठे राहील, कोण ऐकेल, कोणता भाग किती वर्षं बंद ठेवायचा, हक्क देताय की नुसती परवानगी. दुसऱ्या कागदावर आधीच सही घेऊ नका. आपण काय बोलणार हे माणसाला आधी माहीत नसतं.

सामानाला ४०३ पौंड लागले: रेकॉर्डर १६५, कपड्याला लावायचे दोन माइक ९०, दोन बाह्य हार्ड डिस्क ११०, कार्डं आणि सेल ३८. डीबीएसचे ५४ वेगळे. फोनवर करता येत नाही का, असं सगळे विचारतात. येतं, पण मधेच फोन वाजतो आणि बऱ्याच फोनवर फाइल दाबून साठवली जाते. अभिलेखागाराला न दाबलेली वेव्ह फाइल लागते: ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. तासाला साधारण एक जीबी होते, म्हणजे ३२ जीबीच्या कार्डात सगळं गाव मावलं असतं. तरी दर वेळी नवं कार्ड घालत होतो. एकाच कार्डात सहा जणांचं आयुष्य घेऊन फिरायची छाती झाली नाही.

फेब्रुवारी-मार्च तयारीत गेला. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर इंग्लंडचेही जुने ऑर्डनन्स सर्व्हे नकाशे फुकट दिसतात. मैलाला २५ इंच मापाच्या नकाशात तर गोठा, विहीर, पंप सगळं सापडतं. तो नकाशा ए३ कागदावर चार तुकड्यांत छापला. शेतांची नावं त्यात नसतात. ती १८३६ च्या कायद्यानंतर केलेल्या टाइद नकाशांच्या यादीत मिळतात, चर्चला द्यायच्या दशमांशाच्या हिशेबासाठी लिहिलेली. आम्ही ती हाताने पेन्सिलने भरली. दोन आठवडे गेले, पण पुढच्या सहा महिन्यांत त्या चार कागदांइतकं काहीच उपयोगी पडलं नाही.

शाळेच्या रोजनिशीचंही तसंच. मुख्याध्यापक रोज दोन ओळी लिहीत: आज हजेरी कमी, मुलं बटाटे वेचायला गेली. सप्टेंबरात तर शाळाच नसे, कारण हॉप्स तोडायचे दिवस. हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा आणणारी वेलीची फुलं. केंटमध्ये त्या मळ्याला गार्डन म्हणतात, आमच्याकडे यार्ड. केंटमध्ये वाळवायच्या भट्टीला ओस्ट म्हणतात, आमच्याकडे किल्न. प्रश्न विचारताना ओस्ट म्हणालात की समोरचा माणूस ओळखतो की तुम्ही पुस्तक वाचून आलात.

लंडनला क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये एक फेरी मारली. वाचकपत्र फुकट मिळतं, पण दोन पुरावे लागतात, एक नावाचा आणि एक पत्त्याचा. आत शाईचं पेन चालत नाही, पेन्सिलच. तिथे एमएएफ ३२ या क्रमांकाखाली १९४१ ते १९४३ मधली राष्ट्रीय शेती पाहणी आहे, पाच एकर आणि वरच्या प्रत्येक शेताची: पाणी कुठून, वीज आहे का, उंदीर-ससे किती, आणि शेतकऱ्याला अ, ब, क अशी श्रेणी. क दिली तर कारण लिहायचं: म्हातारपण, भांडवल नाही, किंवा 'वैयक्तिक दोष'. आमच्या गावातल्या एका शेताला ती शेवटची नोंद आहे. त्या घरातली नात आमच्या यादीत होती. मुलाखतीला तो कागद नेला नाही. तिने स्वतः विचारलं असतं तर दाखवला असता.

पहिली मुलाखत ९ एप्रिल २०२४ ला झाली आणि तांत्रिकदृष्ट्या फसली. एक तास वीस मिनिटांच्या रेकॉर्डिंगमध्ये आजींच्या आवाजामागे फ्रिजची घरघर, भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक आणि दर मिनिटाला माझं 'हं, हं'. घरात बसलेलं असताना कानाला यातलं काही जाणवत नाही. तिथून पुढचा नेम असा ठरला. गेल्या गेल्या परवानगी घेऊन फ्रिज बंद करायचा आणि आपल्या गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची. किल्ली घ्यायला गेलो की फ्रिज सुरू करायची आठवण होते. घड्याळ दुसऱ्या खोलीत. स्वयंपाकघरातली तेलावरची शेगडी गुरगुरत असेल तर बैठकीत बसायचं. माइक तोंडापासून वीतभर खाली, लोकरी स्वेटरवर नाही, शर्टाच्या पट्टीवर. आवाजाची पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास. म्हातारी माणसं हळू बोलतात म्हणून वाढवून ठेवली की पहिल्याच हशाला आवाज फाटतो. कानाचं यंत्र शिट्टी मारत असेल तर थांबून नीट बसवू द्या, संकोचू नका. आणि 'हं' म्हणायचं नाही, मान हलवायची. हे शेवटचं जमायला मला चार मुलाखती लागल्या. मराठी माणसाने हुंकार न देता ऐकायचं म्हणजे शिक्षाच.

नवरा-बायकोला एकत्र बसवू नका. आम्ही एकदा बसवलं. एक सांगतो, दुसरा तारीख दुरुस्त करतो, पहिला गप्प होतो. हॉलमध्ये आठ जणांना बोलावून केलेल्या गप्पाही रेकॉर्डिंग म्हणून वाया गेल्या, पण कोणाला काय माहीत आहे ते तिथेच कळलं, म्हणून ती दुपार फुकट गेली असं म्हणवत नाही.

प्रश्नांबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं. 'तुमचं बालपण कसं होतं?' या प्रश्नाला सगळ्यांनी एकच उत्तर दिलं: गरिबी होती पण आम्ही सुखी होतो. पाच मुलाखतींत पाच वेळा. माणूस खोटं बोलत नाही, पण ते वाक्य त्याने इतक्यांदा म्हटलेलं असतं की त्यात आता काही उरलेलं नसतं. मग आम्ही दारापासून सुरुवात करू लागलो. मागच्या दाराने आत आल्यावर डाव्या हाताला काय होतं? आणि त्याच्या खाली? उत्तर आलं, कॉपर. तो काय असतो? इथे माझं परकेपण कामी आलं. माझ्या दोन्ही सहकारी गावच्या. त्यांना लोक 'तुला माहीतच आहे' म्हणून पुढे जात. मला काही माहीत नाही हे माझ्या तोंडावरच दिसत असे, त्यामुळे मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागे.

तर कॉपर म्हणजे कोपऱ्यात विटांत बसवलेली मोठी कढई, खाली चूल, वर लाकडी झाकण. सोमवार हा धुण्याचा दिवस. पहाटे पाचला खाली काटक्या पेटवायच्या. पाणी पंपाचं नाही, पन्हळीखालच्या पिंपातलं पावसाचं, कारण विहिरीच्या जड पाण्यात साबणाला फेस येत नाही. दहा-बारा गॅलन म्हणजे जवळपास ५० लिटर, बादलीबादलीने. आधी पांढरे कपडे सोडा आणि किसलेला साबण घालून उकळायचे, मग उंच टबात घालून डॉलीने घुसळायचे. डॉली म्हणजे रवीच, पण कमरेएवढी, खाली पाच-सहा पाय असलेली. मग दोन पाण्यांतून खळबळायचे, शेवटच्या पाण्यात नीळ. ती नीळ मलमलीच्या पुरचुंडीत बांधलेली असे. मॅंगलच्या दोन लाकडी रुळांतून पिळताना बटणं आतल्या बाजूला घडीत ठेवायची, नाहीतर फुटतात. पांढऱ्यांच्या पाण्यात रंगीत, रंगीतांच्या पाण्यात शेतावरचे कपडे, आणि उरलेल्या पाण्याने परसातल्या संडासाची फरशी घासायची. सोमवारी स्वयंपाक नाही; रविवारच्या मटणाचे गार तुकडे आणि उरलेले बटाटे. हे सांगताना आजींचे दोन्ही हात सतत हलत होते आणि शेवटी त्या म्हणाल्या, आईच्या बोटांना सोमवारी रात्री भेगा पडलेल्या असत, त्यावर ती चरबी चोळायची. आई कशी होती, हे आम्ही विचारलंच नव्हतं.

म्हणून आमची प्रश्नांची यादी शेवटी वस्तूंची यादी झाली. पाणी, चूल, दिवा, संडास, धुणं, डुक्कर, बूट, सायकल. शेतावर न्यायची सायडरची, म्हणजे सफरचंदाच्या दारूची, लाकडी बुधली, तिला इथे कॉस्ट्रेल म्हणत. मजुरीचा भाग म्हणून दारू देणं १८८७ च्या कायद्याने बंद केलं होतं, पण गवत कापणीला बुधली भरून मिळतच राहिली, आणि ती मजुरी नव्हे असं दोन्ही बाजू मानत.

डुकराचा प्रश्न विचारला की एरवी अबोल माणूसही अर्धा तास बोलतो. युद्धात घरी डुक्कर पाळायला सरकारचंच प्रोत्साहन होतं. मारायला मात्र परवाना लागे आणि बदल्यात रेशनची कुपनं सोडावी लागत. मारल्यावर केस पेंढ्याने जाळायचे, मांड्या आणि बरगड्यांकडचे मोठे तुकडे दगडी ओट्यावर मीठ चोळून ठेवायच्या, हाडाजवळ सोरा दाबायचा, कारण मीठ तिथवर पोचायच्या आत मांस सडतं. काळीज, यकृत टिकत नाही म्हणून ताटं भरून शेजारी वाटायचं. पुढच्या महिन्यात शेजाऱ्याचं डुक्कर, की ताट परत. ताट न धुता परत करायचं. धुतलं तर पुढचं मांस टिकत नाही असा समज. आणि परवाना एका डुकराचा असताना दोन मारली, ही गोष्ट तीन वेगवेगळ्या घरांत ऐकली. तिघांनीही दुसऱ्या कोणाचं तरी नाव घेतलं.

भाषेने मधेच एकदा फजिती केली. एक आजोबा म्हणाले, त्या वर्षी कुरणात उंट फार झाले होते, पकडायला माणूस बोलवावा लागला. मी चेहरा सरळ ठेवून विचारलं, किती? म्हणाले, एका सकाळी वीस. घरी येऊन सहकाऱ्यांना विचारलं तेव्हा उलगडा झाला. मोल नावाचा जमिनीखाली बिळं पाडणारा छोटा प्राणी, त्याला इथल्या जुन्या बोलीत उंटच म्हणतात, आणि त्याने उकरलेल्या मातीच्या ढिगाला उंटीटंप. पुढे तेच रेकॉर्डिंग ऐकून लिहून काढायला संगणकाला दिलं, तर त्याने उंटाचं आंट केलं: कुरणात मावश्या फार झाल्या होत्या. संगणकावर भरवसा ठेवू नका असं जे सांगतात त्यांच्याकडे याहून चांगलं उदाहरण नसेल. आम्ही शब्दांची वेगळी वही केली. ग्लॅट म्हणजे कुंपणातलं खिंडार, टॅलेट म्हणजे गोठ्यावरचा माळा, बेट म्हणजे शेतावरची न्याहारी. मराठीत यातल्या प्रत्येकाला शब्द आहे. सहकाऱ्यांना प्रमाण इंग्रजीत दोन-तीन शब्द लागत होते.

तारखांचं काय? सन विचारू नका, चुकतो. इथल्या खुणा वापरा: राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकाच्या आधी की नंतर, म्हणजे २ जून १९५३, नळ येण्याआधी की नंतर, तेव्हा गोळ्या-चॉकलेटं कुपनावर होती का, ती फेब्रुवारी १९५३ मध्ये सुटली. आपल्याकडे बहात्तरच्या दुष्काळाने जसं मोजतात तसंच. सगळ्यात मोठा घोळ बर्फाचा. १९४७ आणि १९६३ हे दोन हिवाळे म्हाताऱ्यांच्या डोक्यात एकमेकांत मिसळलेत. ४७ चं बर्फ जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात सुरू झालं, मार्चमध्ये वितळून पूर आला, आणि तेव्हा पावसुद्धा रेशनवर होता. ६३ चं नाताळच्या दुसऱ्या दिवसापासून पडायला लागलं होतं. बर्फानंतर पूर आला का आणि पाव कुपनावर होता का, या दोन प्रश्नांत निकाल लागतो. पण चुकीची तारीख बोलताना दुरुस्त करू नका. सारांशात कंसात लिहा. रेकॉर्डिंगमध्ये वाद घातला की पुढचा अर्धा तास माणूस सावध बोलतो.

पैशांचं मला जड गेलं नाही, याची सहकाऱ्यांना गंमत वाटली. १२ पेन्सचा शिलिंग, २० शिलिंगचा पौंड, १९७१ पर्यंत चाललेला. १६ आणे, ६४ पैसे ऐकत मोठा झालेल्या आजीचा नातू हा हिशेब सहज करतो. १९३९ मध्ये बॉम्बहल्ल्यांच्या भीतीने लंडन आणि बर्मिंगहॅमसारख्या शहरांतून पोरं खेड्यांत पाठवली, तेव्हा एका मुलाला ठेवून घेण्याचे आठवड्याला साडेदहा शिलिंग मिळत, एकाहून जास्त असतील तर प्रत्येकी साडेआठ. बऱ्याच घरांत एकच पोर का मागत, हे त्या आकड्यांवरून कळतं, असं एक आजी म्हणाल्या. बाकी कारणं त्यांनी सांगितली नाहीत.

जुलैत जी चूक झाली ती लिहिलीच पाहिजे. एका आजोबांचं दोन तासांचं, सगळ्यात सुंदर रेकॉर्डिंग झालं: हॉप्सचा मळा, लाकडी चौकटीला गोणपाट लावलेले क्रिब, टोपलीने माप घेणारा बुशेलर आणि तो माल दाबून मापतो म्हणून बायकांनी केलेली भांडणं. निघताना ते दमलेले दिसले. दुसरा कागद पुढच्या आठवड्यात आणतो म्हणालो. तिसऱ्या दिवशी ते इस्पितळात गेले, परत आले नाहीत. सही नसल्यामुळे शब्दांचा हक्क वारसांकडे गेला. मृत्युपत्राची कारवाई पूर्ण होऊन दोन्ही मुलांच्या सह्या मिळायला सात महिने लागले, आणि त्या काळात ते रेकॉर्डिंग कोणाला ऐकवता आलं नाही. मुलांना आम्ही पहिलं पत्र कधी पाठवायचं यावरच आम्हा तिघांत आठवडाभर वाद झाला; शेवटी सहा आठवडे थांबलो. दुसरा कागद त्याच दिवशी, चहाच्या आधी. माणूस दमला असेल तर मुलाखत वीस मिनिटं लवकर थांबवा, पण कागद ठेवून येऊ नका.

बंद ठेवायच्या भागांबद्दल: मेलेल्या माणसाची बदनामी कायद्यात बसत नाही, पण त्याची मुलं गावातच असतात. कोणाचा बाप खरा कोण, कोणाला शेतावरचं घर रातोरात सोडावं लागलं, असं चार ठिकाणी निघालं. मजुराला नोकरीबरोबर घर मिळे आणि नोकरी गेली की घरही. त्याला कायद्याचं संरक्षण १९७६ मध्ये आलं. काढणारा आणि निघालेला, दोघांचीही नातवंडं आज त्याच पबमध्ये बसतात. ते भाग ३० वर्षांसाठी बंद केले. मूळ फाइल कापायची नाही. ऐकवण्यासाठी वेगळी प्रत करायची आणि मिनिट-सेकंद कागदावर लिहायचे.

ऑगस्टपासून रेकॉर्डिंग ऐकून लिहून काढायचं काम. एका तासाच्या रेकॉर्डिंगला पूर्ण उतरवायला सहा ते आठ तास लागतात. बोलीभाषा असेल तर आठच धरा. १९ तासांचं सगळं उतरवायचं ठरवलं असतं तर अजून बसलो असतो. पाच मुलाखती पूर्ण उतरवल्या, बाकीच्यांचा दर पाच मिनिटांचा सारांश केला. त्याला तासाला अडीच तास पुरतात. फाइलच्या नावात माणसाचं नाव घालू नका, तारीख आणि क्रमांक घाला. नावांचा तक्ता वेगळा. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साठवणीत, एक दुसऱ्या घरात.

९ नोव्हेंबरला हॉलमध्ये ऐकण्याची संध्याकाळ ठेवली. हॉलचं भाडं चार तासांचे ४८ पौंड, छपाई ३४. सायडर विकायचा तर तात्पुरत्या कार्यक्रमाची नोटीस द्यावी लागते, फी २१ पौंड, किमान दहा कामाचे दिवस आधी. अर्ज केलेला दिवस आणि कार्यक्रमाचा दिवस त्यात धरत नाहीत. आम्ही फुकट देऊन देणगीची पेटी ठेवणार होतो, पण ग्लास हातात देऊन पेटीकडे बोट दाखवणं ही विक्रीच धरली जाऊ शकते, म्हणून २१ पौंड भरले. पेटीत १७२ जमले. सगळा खर्च ५६० झाला, पॅरिशचे ४०० धरून १२ उरले. दीड ते तीन मिनिटांचे ११ तुकडे ऐकवले. त्याहून लांब तुकडा असेल तर मागच्या रांगा कुजबुजायला लागतात. धुण्याच्या तुकड्याला सगळ्यात जास्त हसले आणि मग एकदम शांत झाले.

अभिलेखागाराशी बोलणं खरं तर पहिल्या महिन्यातच करायला हवं होतं. आम्ही डिसेंबरात गेलो, तेव्हा कळलं की त्यांचा माहितीचा तक्ता वेगळ्या नमुन्याचा आहे. १४ नोंदी पुन्हा भरल्या. देणगी की दीर्घ मुदतीची ठेव, हेही ठरवावं लागतं. आम्ही देणगी दिली, कारण ठेवीच्या करारावर सही करायला वीस वर्षांनी कोण असेल ते सांगता येईना. वेव्ह फाइल, ऐकायच्या एमपी३ प्रती, सारांश, दोन्ही कागदांच्या मूळ सह्या, बंद भागांचा तक्ता आणि शब्दांची वही, एवढं दिलं. वारसांच्या सह्या फेब्रुवारीत आल्या, म्हणून सगळं एकदम ११ मार्च २०२५ ला जमा झालं. पावती एका पानाची आहे.

रेकॉर्डर आता हॉलच्या कपाटात आहे. सेल काढून ठेवलेत, आत राहिले तर गळतात. किल्ली क्लार्ककडे.